जाऊन राहिले होते

नागपूरहून येणारी गाडी पांढुर्ण्याला थांबते ती अगदी जेमतेम. उतरणाऱ्याने आधीच दारात येऊन उभं राहावं, सामान हातात घ्यावं आणि देवाचं नाव घ्यावं. पण एवढं साधं शहाणपण पुण्याहून आलेल्या माणसाला कोण शिकवणार?

अमृता दारात उभी होती. खांद्यावर पिशवी, कानाला फोन. तिच्या मागे एक भलीमोठी बॅग होती आणि त्या बॅगेच्या मागे एक उंच, गोरटेला तरुण अडकून पडला होता.

"हो व आई," अमृता फोनवर सांगत होती, "मी येऊन राहिली. बस, आलीच."

गाडी थांबली. ती उतरायच्या आत मागून आवाज आला, "आलात, राहिलात... आता उतराल का?"

अमृताने मान वळवली. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर खोडकर हसू होतं. हसू बरं होतं, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं आणि म्हणूनच कपाळाला आठी घातली. ती उतरली. तो उतरू लागला तर त्याच्या बॅगेचं चाक पायरीत अडकलं. गार्डची शिट्टी झाली. आता मात्र साहेबांची बोलती बंद. अमृताने पिशवी खाली टाकली, बॅगेचा पट्टा धरला आणि असा हिसका दिला की बॅग आणि बॅगेचा मालक दोघंही फलाटावर आले.

"थँक्यू," तो धापा टाकत म्हणाला.

"कुठले तुम्ही?"

"पांढुर्ण्याचा."

"पांढुर्ण्याचा माणूस असं 'आलात, राहिलात' करत नाही."

"मूळचा म्हणतोय मी. वडील नोकरीसाठी पुण्याला गेले, मी तिथेच वाढलो. घरात चुकून 'करून राहिलो' म्हटलं की बाबा कान पिरगाळायचे." त्याने केस मागे सारून कान दाखवला. "बघा, अजून लाल आहे."

अमृताला हसू आवरेना. कान खरंच लाल होता. पण तो पिरगाळल्याने नव्हे, हे तिला चांगलं कळलं.

"आणि तुम्ही? पांढुर्ण्याच्याच ना?"

"मी सावरगावची. मधे जाम नदी आहे."

"नदी ती केवढीशी..."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या मग. केवढी आहे ते कळेल."

त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. म्हणजे पुण्यात वाढला तरी गोटमार त्याला ठाऊक होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. का, तर म्हणे फार पूर्वी पांढुर्ण्याच्या एका पोराने सावरगावची पोरगी पळवून नेली होती. याचा कागद कुणाकडेच नाही. दगड मात्र दरवर्षी खरे पडतात.

"वीरेंद्र," त्याने नाव सांगितलं.

"अमृता," ती म्हणाली आणि वळून न पाहता चालू लागली. न पाहता म्हणजे फाटकापर्यंत. फाटकापाशी तिने पाहिलंच.

*

सोमवारी नागपूरला विद्यापीठाच्या इतिहास विभागात ती वर्गात शिरली तर तिसऱ्या बाकावर तोच लाल कान. उशिरा प्रवेश मिळालेला नवा विद्यार्थी. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं, ते इतकं वाईट जमलं की मागच्या बाकावरची पूनम लगेच खाकरली.

विभागप्रमुख मालती मॅडम शिस्तीच्या. त्या दिवशी त्यांनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारचं काम वाटून दिलं. दोघादोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहायचा, आणि तोही आपापल्या भागावर. चांगले निबंध विभागाच्या वार्षिक अंकात छापले जाणार होते.

"तुम्ही दोघं पांढुर्ण्याचे ना? मग एकत्र करा."

"मी सावरगावची, मॅडम," अमृता म्हणाली.

"बरं. मग नदी ओलांडून करा."

वर्ग हसला. पण विषय अमृताचा आधीच ठरला होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकोणीसशे छप्पन साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. तोवर नागपूरच मध्य प्रदेशाची राजधानी होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, विदर्भाचे जिल्हे गेले, आणि सौसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं मध्य प्रदेशातच राहिली. अमृताने महाराष्ट्राच्या इतिहासाची पुस्तकं चाळली, मध्य प्रदेशाचीही चाळली. एकात नकाशा पांढुर्ण्याच्या आधी संपतो, दुसऱ्यात पांढुर्णा सुरू होण्याआधीच पान उलटतं. भोपाळला गेलं तर लोक म्हणतात, 'तुम मराठी हो.' पुण्याला गेलं तर म्हणतात, तुमची मराठी हिंदीसारखी आहे. तिला एवढंच हवं होतं की कुठेतरी एका पानावर आपल्या गावाचं नाव नीट यावं. लहानपणापासून हवं होतं. त्यासाठीच तर ती इतिहास शिकायला आली होती.

हे सगळं तिने वीरेंद्रला कॅन्टीनमध्ये एका दमात सांगितलं. तो चहा प्यायचा विसरला.

"मग लिहूया," तो म्हणाला. "बोलणाऱ्यांना तू बोलतं कर. लिहिण्याचं काम माझं."

"वऱ्हाडी कळेल?"

"येऊन राहिलो म्हणजे येतोय, करून राहिलो म्हणजे करतोय. त्यात काय अवघड आहे?"

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच. पण तेव्हा ते तिलाही कळलं नाही. तो 'राहिलो' म्हणताना ओठांचा असा काही चंबू करायचा की दुसरं काही सुचायचंच नाही.

*

मग सुरू झाल्या रविवारच्या वाऱ्या. एका रविवारी ते सौसरला गेले, भाऊराव काकांना भेटायला. काका पोस्टातून निवृत्त झालेले. "एक नोव्हेंबरले आमी झोपलो त्याच खाटेवर उठलो," त्यांनी सांगितलं, "पन राजधानी भोपाळले जाऊन पडली होती." वीरेंद्र वहीत उतरवताना हसत सुटला.

येताना बसला गर्दी होती. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते, बसमध्ये संत्र्यांचा वास भरून राहिला होता. अमृताने पिशवीतून एक संत्रं काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने नखाने सालीला असा घाव घातला की रस थेट त्याच्याच डोळ्यात.

"पांढुर्ण्याचा म्हणे," ती म्हणाली. "द्या इकडं."

तिने सालीची एक अखंड माळ काढली आणि फोडी त्याच्यासमोर धरल्या. त्याने एक फोड घेतली. त्याची बोटं तिच्या तळव्यावर जरा जास्तच रेंगाळली... बसने खड्डा घेतला म्हणून, असं दोघांनीही ठरवून टाकलं.

"आपण अजून 'तुम्ही'वरच आहोत," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"मी कॅन्टीनमधेच 'तू' ऐकलं होतं."

"ते मी म्हटलं. तू कुठे म्हटलंस?"

"म्हणीन," ती म्हणाली. "घाई काय आहे? उतावळा नवरा—" आणि पुढचं 'गुडघ्याला बाशिंग' तिने चटकन गिळलं. पांढुर्ण्यापर्यंत मग ती एक अक्षर बोलली नाही आणि तो मात्र गालातल्या गालात हसत बसला.

सावरगावात सुशीला आजी होत्या. छप्पन साली त्या तिसरीत होत्या. अंगणात बाजेवर बसून त्यांनी सुरुवात केली, "देवीदास गुर्जी होते आमाले. लय मायेचे. नागपूर मुंबईत गेलं न, तवा गुर्जी नागपूरले जाऊन राहिले होते. आमी सारे पोट्टे रडून राहिलो होतो..." इतक्यात आजींकडे पाहुणे आले. उरलेलं मग कधी सांगीन, म्हणाल्या. निघताना त्यांनी वीरेंद्रकडे बोट केलं. "हा कोनाचा पोट्टा व?"

"डिपार्टमेंटचा आहे, आजी," अमृताने घाईघाईने सांगितलं. गल्लीत चार दारं उघडी होती.

डिपार्टमेंटचा. वीरेंद्रने चपला घालायला जरा जास्त वेळ लावला.

*

पुढे अमृताच्या घरच्या बागेत संत्र्याची तोड सुरू झाली. तिचे वडील गुणवंताजी एकटे किती बघणार? ती घरीच थांबली. तिने सगळी बोलणी शब्दशः उतरवून वीरेंद्रला पाठवली आणि त्याने निबंध लिहायला घेतला. संध्याकाळी त्याचे फोन यायचे. मॅडमना मसुदा फार आवडला, असं त्याने सांगितलं तेव्हा ती पेट्यांच्या ढिगावर बसून होती आणि तिला ते सगळं शिवार आपलंच वाटलं.

सेमिनारच्या सकाळी ती नागपूरला पोचली. विभागाच्या पायऱ्यांवर वीरेंद्र इस्त्रीच्या शर्टात उभा होता. त्याने निबंधाची प्रत तिच्या हातात दिली. वर दोघांची नावं, खाली शीर्षक: 'ओस पडलेली शाळा'.

तिने तिथेच उभ्याने वाचायला सुरुवात केली. भाषा सुंदर होती. इतकी सुंदर की तिसऱ्या पानापर्यंत ती स्वतःच्याच गावावर भाळली. आणि मग ते वाक्य आलं: 'सीमा बदलताच मराठी शिक्षक नागपूरला जाऊन राहिले. मागे उरली ती गुरुजींविना ओस पडलेली शाळा आणि रडणारी मुलं.'

"हे कुठून आणलं?"

"सुशीला आजींनीच सांगितलं ना? गुरुजी नागपूरला जाऊन राहिले होते."

"वीरेंद्र... जाऊन राहिले होते म्हणजे जात होते. निघाले होते. गेले नाहीत."

"पण 'राहिले होते'—"

"तुझ्या पुण्यात 'जाऊन राहिले' म्हणजे तिथे बिऱ्हाड केलं. आमच्याकडे जाऊन राहिलेला माणूस अजून वाटेतच असतो. गुरुजी वाटेतून परत आले. मरेपर्यंत सावरगावात होते. आमच्या बाबांनाही त्यांनीच शिकवलं."

वीरेंद्रचा चेहरा उतरला. "तू हे कधी सांगितलं नाहीस."

नव्हतंच सांगितलं. सावरगावात ते शेंबडं पोरही जाणतं. जे सगळ्यांनाच माहीत, ते लिहायचं असतं हे तिला सुचलंच नव्हतं. ती चूक तिची होती आणि ती तिला झोंबली. पण राग त्याहून मोठा होता.

"मी तुझ्या गावाचीच बाजू मांडत होतो," तो हळूच म्हणाला.

"आमची माणसं पळून गेली असं सांगून? खूप सुंदर लिहिलंयस तू. फक्त आमचं गाव त्यात नाही."

आत बाकं सरकवल्याचा आवाज येऊ लागला. निबंधाचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता. ते काढलं तर उरतं काय? मॅडमनी पाहुण्या प्राध्यापकांसमोर याच निबंधाचं कौतुक करून ठेवलं होतं. पुण्याच्या मुलाची पहिलीच छाप पडायची होती ती आज. अमृताने कागद त्याच्या हातात परत दिले.

"वाचायचं तर वाच. माझं नाव खोडून वाच."

ती आत जाऊन शेवटच्या रांगेत बसली. तिला रडू येत होतं, ते गावासाठी की त्याच्यासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. खरं तर दोघांसाठी.

*

नाव पुकारलं. वीरेंद्र व्यासपीठावर गेला. कागद समोर ठेवले, सरळ केले आणि उलटे करून ठेवले.

"हा निबंध मी वाचणार नाही," तो म्हणाला. "यात माझी एक चूक आहे. मी माझ्याच मुलखाची भाषा अर्धवट शिकलो आणि तेवढ्यावर इतिहास लिहिला. खरं काय घडलं ते अमृताला ठाऊक आहे. तिने सांगावं, अशी माझी विनंती आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. मालती मॅडमच्या भुवया चढल्या. अमृताच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता. तरी ती पुढे गेली. व्यासपीठावरून उतरताना तो तिच्या जवळून गेला आणि एवढंच पुटपुटला, "तुझ्या भाषेत."

तिने प्रमाण मराठीत सुरुवात केली. दोन वाक्यं धड गेली. तिसऱ्यात 'गुर्जी जाऊन राहिले होते' तोंडातून आलंच, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली.

अमृता थांबली. "हसून घ्या," ती शांतपणे म्हणाली. "मी थांबून राहिली."

हसू विरलं. मग तिने मागेपुढे पाहिलं नाही.

"देवीदास गुर्जीची पेटी बैलगाडीत चढली होती. पांढुर्न्याच्या ठेसनावर जायचं तर जाम नदी लागते. पोट्टे आधीच नदीत जाऊन बसले, गाडीच्या वाटेवर, पान्यात. आमची सुशीला आजी त्याइच्यात होती. गाडीवाला ओरडून राहिला, पोट्टे उठून नाई राहिले. गुर्जी खाली उतरले. लोकाइले वाटलं आता मारतीन. गुर्जीनं धोतर वर धरलं, पान्यात उभे राहिले अन् म्हनाले, 'हजेरी घेतो.' एकेकाचं नाव घेतलं. एकेक पोरगा नदीत उभा राहून 'हजर' म्हने. हजेरी झाली, तशी गुर्जीनं गाडी वळवली. ते कुठंच गेले नाईत. शाळा एक दिवस बंद नाई पडली. मॅडम, राज्याची रेघ ओढताना आमाले कोनी इचारलं नाई. पन आमच्या शाळेतून ती रेघ आमी जाऊ देल्ली नाई."

आधी पूनमने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, "हे अंकात छापायचं तर भाषा शुद्ध करावी लागेल ना?"

"शुद्धच आहे, सर," अमृता म्हणाली. "शुद्ध करायला गेलो तेव्हाच गुरुजी नागपूरला गेले."

मालती मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "बोलणी जशीच्या तशी छापू," त्या म्हणाल्या. "खाली अर्थ द्या. आणि शीर्षक बदला." पहिलं बक्षीस मात्र जुन्या नाण्यांवरच्या निबंधाला मिळालं. अमृताला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर वीरेंद्र तिची वाट बघत होता. इस्त्री केव्हाच मोडली होती.

"रागावलीस?"

"सकाळी होते."

"आता?"

"तू सगळ्यांसमोर चूक कबूल केलीस. आमच्याकडे अशा माणसाला..." ती अडखळली. "मान देतात."

"मान नको," तो म्हणाला आणि कान लाल झाला. "अमृता, एक व्याकरण विचारू? मी प्रेम करतो म्हणायचं, की करून राहिलो?"

इथेही तिची मास्तरकी सुटली नाही. "फरक आहे. 'करतो' रोजचं असतं, सवयीचं. 'करून राहिलो' म्हणजे... या घडीला चालू आहे. संपलेलं नाही."

"मग तेच. तुझ्यावर प्रेम करून राहिलो."

ती पायऱ्यांकडे बघत राहिली. "ऐकून राहिली मी," तिने अगदी हळू सांगितलं. "तू बोल."

*

अंक छापून आला तेव्हा बागेत मृग बहाराची संत्री रंग धरत होती. वीरेंद्र म्हणाला, ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय आपलं काम पुरं होत नाही. म्हणून एका दुपारी तो सावरगावात सुशीला आजींच्या अंगणात उभा राहिला. बातमी आधीच फुटली होती. आपल्या गावाचं नाव पुस्तकात आलं म्हणून अर्धी गल्ली जमली होती. गुणवंताजी शेतातून तसेच आले आणि कुंपणापाशी उभे राहिले.

त्याने वाचायला घेतलं. अडखळत, पण त्यांच्याच बोलीत. 'हजेरी घेतो' आलं तेव्हा आजींनी डोळ्यांना पदर लावला. नावं आली, आणि अंगणातल्या एका म्हाताऱ्याने आपलं नाव ऐकून खरंच म्हटलं, "हजर." कुणी हसलं नाही.

वाचून झालं. आजींनी अंक हातात घेतला, छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "एक शब्द इकडचा तिकडं नाई." मग वर पाहिलं. "हुशार हाये पोट्टा. पन हा कोनाचा, ते काई समजलं नाई मले."

शेजारची बाई म्हणाली, "पांढुर्न्याचा हाये म्हनते. तिथल्या मोरेश्वरचा पुतन्या."

"पांढुर्न्याचा?" आजींनी भुवया उंचावल्या. दोन-चार बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. सावरगावात पांढुर्ण्याच्या पोराचं नाव एखाद्या पोरीच्या शेजारी घेणं म्हणजे काय, ते लहान पोरांनाही कळतं. वीरेंद्रने मान खाली घातली. त्याला वाटलं, आता पुन्हा डिपार्टमेंटचा.

अमृताने एकदा कुंपणाकडे, वडिलांकडे पाहिलं. ज्या गावाचं खरं तिने भर सभेत सांगितलं होतं, त्या गावापासून स्वतःचं खरं लपवायचं? ते तिला जमणार नव्हतं. ती पुढे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"माझा हाये, आजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

सगळ्यांचे डोळे गुणवंताजींकडे वळले. ते काही वेळ लेकीकडे बघत राहिले, मग त्या उन्हात उभ्या असलेल्या पोराकडे. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"मंग उभा काऊन ठेवला त्याले?" ते म्हणाले. "बसव. घरचा मानूस असा उभा ठेवते का कोनी?"

आणि बाजेवर बसलेल्या आजी जरा बाजूला सरकल्या.